नव्या संशोधकाच्या हाती उंदीर देण्यापूर्वी

पीएच.डी.चा नवा विद्यार्थी प्राणीगृहाच्या दाराशी येतो तेव्हा त्याच्या हातात बहुधा मंजूर झालेल्या ‘फॉर्म बी’ची, म्हणजे प्राण्यांवरील प्रयोगाच्या परवानगी-अर्जाची, प्रत असते आणि पहिला प्रश्न असतो, “प्राणी कधी मिळतील?” संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीने प्रकल्प मंजूर केला म्हणजे आपल्याला सुई टोचता येते हेही तिने मान्य केले, असा त्याचा समज झालेला असतो. हा समज दूर करण्यापासूनच प्रशिक्षणाला सुरुवात करावी. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० याच्या कलम १७ मध्ये प्रयोगांविषयीच्या नियमांची जी उद्दिष्टे सांगितली आहेत, त्यांत केवळ हाताचे कौशल्य कमावण्यासाठी शक्यतो प्रयोग केले जाऊ नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे “चार उंदीर द्या, हात बसला की खरा प्रयोग सुरू करतो” ही मागणी आपल्याकडे मान्य होण्यासारखी नाही. मग हात बसायचा कसा, हा प्रश्न उरतो, आणि पुढे सांगितलेला सगळा क्रम त्या प्रश्नाच्या उत्तरासाठीच आहे.

एक खुलासा आधीच करायला हवा. मराठीत माऊस आणि रॅट या दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो. या लेखात उंदीर म्हणजे वीस-तीस ग्रॅमचा माऊस. रॅटला रॅटच म्हटले आहे.

पहिल्या आठवड्यात प्रशिक्षणार्थ्याच्या हाती सिरिंज अजिबात देऊ नये. हा आठवडा त्याने प्राणीगृहातल्या मामांबरोबर काढावा: पिंजरे बदलावेत, भाताचे तूस किंवा मक्याच्या कणसांचा भरडा अंथरावा, बाटल्या धुवाव्यात, खोलीचे तापमान आणि आर्द्रता दिवसातून दोनदा वहीत लिहावी. खोलीत हवा ताशी बारा ते पंधरा वेळा पूर्ण बदलली पाहिजे आणि बारा तास उजेड, बारा तास अंधार हा क्रम मोडता कामा नये, हे त्याला पाठ असते. पण रात्री नऊ वाजता विसरलेली वही न्यायला आत शिरून दिवा लावला की उंदरांच्या दिवसरात्रीचे काय होते, याचा विचार त्याने केलेला नसतो. उंदीर निशाचर आहे. आपण त्याला दिवसा पाहतो तेव्हा त्याची झोपेची वेळ असते, ही साधी गोष्ट वर्तनाचे प्रयोग आखणारेही विसरतात.

याच आठवड्यात एक सराव रोज करून घ्यावा. प्रशिक्षणार्थ्याने एका पिंजऱ्यासमोर पंधरा मिनिटे बसावे, पिंजऱ्याला हात लावू नये आणि जे दिसेल ते लिहावे. पहिल्या दिवशी तो “पाच उंदीर, सर्व निरोगी” असे लिहितो. चौथ्या दिवसापर्यंत त्याला दिसू लागते की एक उंदीर इतरांपासून दूर, पाठ कमानीसारखी करून बसला आहे, त्याचे केस विस्कटलेले आहेत आणि घरटे बांधण्यात त्याचा सहभाग नाही. उंदीर हे दुसऱ्याचे भक्ष्य असलेले जनावर. दुखणे उघड करणे त्याला परवडत नाही, म्हणून पाहणाऱ्याची नजर तयार व्हावी लागते. वेदनेमुळे उंदराच्या चेहऱ्यात होणारे बदल मोजण्याची पद्धत २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात डोळे किती मिटले आहेत, नाकाचा आणि गालाचा फुगवटा, कानांची ठेवण आणि मिशांची दिशा या पाच गोष्टी पाहतात. छायाचित्रांवरून ती तासाभरात शिकवता येते.

घरट्याकडे मात्र अधिक लक्ष द्यावे. उंदराला शरीर ऊबदार ठेवण्यासाठी जास्तीची ऊर्जा खर्च करावी लागत नाही असे तापमान तीस अंश सेल्सिअसच्या आसपास असते. आपली खोली बहुधा बावीस-चोवीस अंशांवर असते, कारण ती कोट घालून काम करणाऱ्या माणसांच्या सोयीने ठरवलेली असते. पिंजऱ्यात घरट्याला पुरेसा कागद किंवा कापूस नसेल तर उंदीर सतत थंडीशी झगडत राहतो आणि त्याचे खाणे, हृदयाचे ठोके, चयापचय हे सगळेच बदलते. चयापचयावर प्रबंध लिहू पाहणाऱ्याला प्राणिकल्याणाचे व्याख्यान देण्यापेक्षा हे सांगितलेले जास्त लवकर पटते.

मामांबरोबरच्या आठवड्याचा आग्रह धरण्यामागे माझा स्वतःचा एक अनुभव आहे. मी नवखा असताना एका शनिवारी बाटल्या भरून मी घरी गेलो. सोमवारी एका पिंजऱ्यातले उंदीर मलूल दिसले, आणि त्यांची बाटली जशी भरली होती तशीच भरलेली होती. नळीत हवेचा बुडबुडा अडकून पाणी बंद झाले होते. त्या गटाची तीन आठवड्यांची मोजमापे फेकून द्यावी लागली. तिथल्या मामांनी मला काही न बोलता दुसरी बाटली उलटी केली, नळीच्या टोकाची गोळी बोटाने दाबली, थेंब आलेला दाखवला आणि मगच बाटली जागेवर लावली. आजही मी प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याकडून ही कृती करून घेतो.

दुसरा टप्पा प्राण्याला हातात घेण्याचा. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेलेली पद्धत म्हणजे शेपटीने उचलणे. ती सोडून द्यावी, असे माझे ठाम मत आहे. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले की नळीतून किंवा ओंजळीत उचललेले उंदीर माणसाजवळ आपणहून येतात, तर शेपटीने उचललेले उंदीर हाताला टाळतात आणि चिंतेच्या चाचण्यांतही वेगळे वागतात. यासाठी खर्च जवळजवळ नाही. हाताच्या वितीएवढी पारदर्शक नळी पिंजऱ्यातच ठेवून द्यावी. उंदराच्या मागे दुसरा हात हळूच आणला की तो स्वतःच नळीत शिरतो. मग दोन्ही टोके तळव्यांनी सैलसर झाकून नळी उचलावी. मानेची कातडी धरून पकडणे हे फक्त टोचण्याच्या वेळी, आणि तेही थोडक्यात. त्या पकडीत नवखा माणूस हमखास जास्त आवळतो. उंदराच्या जिभेचा किंवा नाकाचा रंग निळसर होऊ लागला तर पकड ताबडतोब सोडावी, हे आधीच बजावून ठेवावे.

सशाच्या बाबतीत चूक जास्त महागात पडते. त्याचा मागचा भाग हाताने पेलून धरला नाही तर तो घाबरून एकच लाथ मारतो आणि स्वतःच्याच स्नायूंच्या जोराने त्याचा कमरेचा मणका मोडतो. ससा दाखवण्याआधी हे वाक्य दोनदा सांगावे.

आता सुई. सुरुवात सिलिकॉनच्या प्रतिकृतीवर करावी. ती परवडत नसेल तर रक्तवाहिनीच्या जागी पातळ रबरी नळी घातलेला, भुसा भरलेला मोजाही पकड शिकण्यापुरता चालतो. त्यानंतर दुसऱ्या मंजूर प्रयोगाच्या शेवटी मारलेल्या प्राण्यांच्या देहावर सराव द्यावा, कारण त्यासाठी एकही जादा जीव जात नाही. या दोन्ही पायऱ्या नीट जमल्यावरच, समितीने मंजूर केलेल्या प्रकल्पात, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली जिवंत प्राण्यावर पहिला प्रयत्न होऊ द्यावा. युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशातही हेच तत्त्व आहे: कौशल्य सिद्ध होईपर्यंत माणूस देखरेखीखालीच काम करतो.

पोटात इंजेक्शन देण्याचे उदाहरण घेऊ. उंदराला असे धरावे की त्याचे डोके किंचित खाली झुकेल आणि आतडी छातीकडे सरकतील. सव्वीस किंवा सत्तावीस गेजची सुई पोटाच्या खालच्या उजव्या भागात, कातडीशी तिरकी धरून घालावी, कारण अंधांत्राचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीचा, बराचसा भाग डावीकडे असतो. दट्ट्या थोडा मागे ओढून पाहावा. सिरिंजमध्ये काहीच आले नाही तर औषध द्यावे; पिवळे, हिरवट-तपकिरी किंवा लाल काही आले तर सुई मूत्राशयात, आतड्यात किंवा रक्तवाहिनीत गेली आहे असे समजून ती सिरिंज टाकून द्यावी. किलोमागे दहा मिलिलिटर हे प्रमाण धरले तर पंचवीस ग्रॅमच्या उंदराला पाव मिलिलिटर औषध पुरते. सुई प्रत्येक प्राण्यासाठी नवी घ्यावी. वापरलेली सुई बोथट होते आणि तिचे दुखते.

हिशेबाचे आणखी एक उदाहरण प्रत्येकाकडून कागदावर सोडवून घ्यावे. उंदराच्या शरीरात किलोमागे साधारण ७० ते ८० मिलिलिटर रक्त असते. मग पंचवीस ग्रॅमच्या उंदरात ते दोन मिलिलिटरही भरत नाही, आणि एका वेळी दहा टक्क्यांहून अधिक घ्यायचे नाही म्हटल्यावर हाती येते ते जेमतेम ०.२ मिलिलिटर. “माझ्या चाचणीला अर्धा मिलिलिटर लागतो” असे म्हणणाऱ्याने चाचणी बदलावी.

तोंडावाटे औषध देण्याची गोल टोकाची सुई नवख्या हातात सर्वांत धोकादायक असते. ती आधी उंदराच्या अंगाला बाहेरून लावून तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंतचे अंतर मोजून घ्यावे. आत घालताना सुई स्वतःच्या वजनाने सरकली पाहिजे. अडथळा जाणवला तर ढकलू नये, बाहेर काढावी. ढकललेली सुई श्वासनलिकेत जाते किंवा अन्ननलिका फाडते, आणि मृत्यूची नोंद मग औषधाच्या विषारीपणात होते. तीन प्रयत्न फसले तर सुई शिकवणाऱ्याच्या हाती द्यावी. हा नियम भिंतीवर लावून ठेवावा.

भुलेबद्दल तीनच गोष्टी. भूल दिलेल्या उंदराचे शरीर झपाट्याने थंड पडते, म्हणून खाली ऊब हवी. डोळे उघडेच राहतात, म्हणून मलम हवे. आणि पायाचे बोट चिमटीत दाबल्यावर पाय मागे ओढला गेला तर चीर देऊ नये.

सर्वांत कठीण भाग शेवटाचा. प्राणी कोणत्या क्षणी प्रयोगातून काढायचा हे प्रयोग सुरू होण्यापूर्वी आकड्यांत लिहिलेले असावे: मूळ वजनात वीस टक्के घट, गाठीचा ठरवलेला आकार, चालून पाण्यापर्यंत जाता न येणे. “फार त्रास होत असल्यास” असे लिहिणे निरुपयोगी आहे, कारण रविवारी दुपारी एकट्याने निर्णय घेणाऱ्या विद्यार्थ्याला ‘फार’ म्हणजे किती हे कळत नाही, आणि आणखी दोन दिवसांची मोजमापे मिळावीत असा मोह त्याला असतो. निर्णय कोणी घ्यायचा त्याचे नाव आणि फोन नंबर त्याच कागदावर असावा. कार्बन डायऑक्साइड वापरत असाल तर पेटी आधी भरून ठेवू नये. मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के या वेगाने वायू सोडावा, म्हणजे दहा लिटरच्या पेटीत तीन ते सात लिटर. हालचाल थांबली म्हणजे मृत्यू झाला असे गृहीत धरू नये, दुसऱ्या पद्धतीने खात्री करावी. नवजात पिल्ले या वायूला बराच वेळ दाद देत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी पद्धत ठरवावी.

घरी मुंगीही मारू नये असे ऐकत वाढलेली मुले आपल्या प्रयोगशाळांत पुष्कळ असतात. पहिल्यांदा प्राणी मारल्यावर त्यांचे हात थरथरतात, काही जण दोन दिवस जेवत नाहीत. त्यांना “सवय होईल” असे म्हणू नये. त्या दिवशी त्यांना दुसरे काम देऊ नये, बोलायचे असेल तर बोलू द्यावे, आणि ज्याला हे करायचेच नाही त्याला पेशींवरच्या किंवा संगणकावरच्या कामाकडे वळण्याची वाट मोकळी ठेवावी.

प्रयोगाच्या आखणीचा तास मी मुद्दाम शेवटी घेतो. पर्याय शोधणे, संख्या कमी करणे आणि वेदना कमी करणे ही तीन तत्त्वे रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडली. प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या आपल्या केंद्रीय समितीने, जिला प्रयोगशाळांत अजूनही सीपीसीएसईए या जुन्याच नावाने ओळखतात, पुनर्वसन हे चौथे तत्त्व जोडले. ज्याने आठवडाभर पिंजरे बदलले आहेत तो “गटात दहा का, सहा का नाही?” हा प्रश्न संख्याशास्त्रज्ञाला आपणहून विचारतो.

प्रशिक्षण संपल्यावर हजेरीचे एकच प्रमाणपत्र देऊ नये. प्रत्येक कौशल्याची वेगळी ओळ असलेली वही ठेवावी: प्राण्याची जात, कृती, किती वेळा देखरेखीखाली केली, केव्हा स्वतंत्रपणे करू दिली. उंदरावर हात बसला म्हणून रॅटच्या ओळीत सही होत नाही, आणि वर्षभर न केलेली कृती पुन्हा पहिल्यापासून तपासावी. शिंका, डोळ्यांची खाज किंवा धाप यांची नोंदही त्याच वहीत असावी, कारण उंदरांच्या लघवीतल्या प्रथिनांची ॲलर्जी हळूहळू वाढत जाते. सहीचे रकाने दोन असावेत, एक पशुवैद्याचा आणि एक मामांचा. माझ्या वहीत मामांचा रकाना रिकामा असेल तर त्या विद्यार्थ्याला प्राणीगृहाची चावी मिळत नाही.