'सस्पिशस माइंड्स' बँडसोबत बसवताना

गीतकार मार्क जेम्सने 1968 मध्ये स्वतः गायलेलं हे गाणं चाललं नव्हतं. जानेवारी 1969 मध्ये एल्व्हिस प्रेस्लीने मेम्फिसच्या अमेरिकन साउंड स्टुडिओत, निर्माता चिप्स मोमनसोबत ते ध्वनिमुद्रित केलं आणि त्याच वर्षी ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. एल्व्हिसच्या हयातीतलं तिथलं हे शेवटचं अव्वल गाणं.

मूळ पट्टी जी. सुरुवातीला रेजी यंगची गिटार आहे. तिथे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) झोडू नका, जी आणि सी कॉर्डच्या तारा एकेक करून छेडा. कडवं जी, सी, डी या तीन कॉर्डवर उभं आहे. मेट्रोनोम मिनिटाला 116 ठोक्यांच्या आसपास ठेवा.

खरी कसोटी मधल्या भागात. चार मात्रांचा ठेका सुटून 6/8, म्हणजे सहा मोजण्याचा ठेका येतो, चाल संथ होते आणि कॉर्ड ई मायनर, बी मायनर, सी, डी अशा फिरतात. बहुतेक बँड इथेच फसतात, कारण ड्रमर जुनाच ठेका मनात धरून बसतो. हा भाग आधी वेगळा बसवा, टाळी देत 'एक-दोन-तीन, चार-पाच-सहा' मोजा. मूळ वेगात परतण्याची खूण ड्रमरनेच द्यावी. गायकावर सोडलं की वेग हमखास पडतो.

शेवटी आवाज विरतो आणि पुन्हा चढतो. ही करामत एल्व्हिसचा नेहमीचा निर्माता फेल्टन जार्विसने ध्वनिमुद्रणानंतर मिक्समध्ये केली होती. मंचावर ती हातांनी करावी लागते: सगळ्यांनी वाजवण्याचा आवाज कमी करायचा, पण वेग तसूभरही ढळू द्यायचा नाही. बेस आणि पार्श्वगायिका मात्र ऐकू येत राहिल्या पाहिजेत.