नवोदयला बसवताय? आधी गोळे भरायला शिकवा

पाचवीतल्या पोराला नवोदयच्या, म्हणजे सहावीपासूनच्या केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, प्रवेश परीक्षेला बसवणार असाल तर हे वाचून घ्या. आमच्या घरात गणित येत होतं, आकृत्या पटापट सुटत होत्या, आणि तरी गेलं, कारण जुने पेपर आम्ही सगळे वहीत सोडवून घेतले, ओएमआरचा कागद, म्हणजे उत्तराचे गोळे काळे करायचा तो कागद, पोराने हातात धरला तो थेट परीक्षेच्या दिवशी. वही कोण बघतो तिथे? मशीन फक्त गोळे बघतं.

फॉर्म ऑनलाइन, फी नाही. गेली काही वर्षं तो पावसाळ्यातच सुटतो, म्हणून चवथ (गणपती) झाली की बघू म्हणणाऱ्यांची गाडी चुकते. फोटो, सह्या वगैरे लागतातच. मुख्याध्यापकांचा दाखला मात्र नवोदयने दिलेल्या नमुन्यातच हवा, आणि इथे आपली गोव्याची गोची आहे: चौथीपर्यंत गावची सरकारी प्राथमिक, पाचवीला हायस्कूल, म्हणजे तिसरी-चौथीचं रेकॉर्ड एकीकडे आणि सही करणारे सर दुसरीकडे. जुन्या शाळेतून कागद आधीच आणून ठेवा, शेवटच्या दिवशी साईट लटकते तेव्हा सर रजेवर असतात हा नियमच आहे.

७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, पण त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्याच शाळेत झालेली पाहिजेत. गावात शिकलेलं पोर पाचवीला वाळपईच्या नाहीतर साखळीच्या नगरपालिका हद्दीतल्या हायस्कुलात घातलंत की ते शहरी धरलं जातं, मग तुम्ही राहता केरीत असलात तरी काही उपयोग नाही. हे चौथीतच कळायला हवं, पाचवीत कळून काय करणार. उत्तर गोव्याचं नवोदय वाळपईला, दक्षिणेचं काणकोणला, शाळा आणि घर त्याच जिल्ह्यात हवं. आणि ही परीक्षा एकदाच देता येते, पुढच्या वर्षी बघू हा प्रकार नाही.

पेपरची भाषा फॉर्म भरतानाच सांगावी लागते. चौथीपर्यंत गणित मराठीतून, पाचवीपासून इंग्रजीतून, त्यामुळे पोराला तेच गणित एल.सी.एम. म्हटलं की येतं आणि लसावि म्हटलं की ते तोंडाकडे बघत बसतं. आम्ही मराठीच घेतली, कारण भाषेच्या भागात उतारे असतात आणि उतारा मराठीतला असला की पोर घाबरत नाही. फक्त मग अपूर्णांक, अवयव, परिमिती, नफा-तोटा हे सगळं मराठीतून परत एकदा घ्या.

पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० मार्क. पहिले ४० बुद्धिमत्तेचे, नुसत्या आकृत्या, त्यांनाच ५० मार्क, म्हणजे निम्मा पेपर तिथेच. मग २० गणिताचे, २० भाषेचे, दोन्हीला २५-२५. आरशातल्या प्रतिमेसाठी घरातला आरसा घ्या, कागदाची घडी घालून भोक पाडतात त्या प्रश्नांसाठी खरंच कागद दुमडून कात्रीने कापून दाखवा. पुस्तकात बघून समजत नाही ते दोन कागद फाडले की समजतं.

आता गोळे. जुन्या पेपरबरोबर कोऱ्या ओएमआरच्या झेरॉक्स काढा, भरपूर काढा, कंजुषी करू नका. चौथीपर्यंत पोरं पेन्सिलीने लिहितात, चुकलं की खोडरबर. इथे पेन्सिल चालत नाही, निळा किंवा काळा बॉलपेन, आणि एकदा गोळा काळा झाला की झाला, खोडायचं नाही, व्हाईटनर लावायचं नाही. जेलपेन नको, घामाच्या हाताला पसरतं.

आणि खरा घात होतो तो असा. १३ वा प्रश्न आला नाही म्हणून पोराने सोडला, १४ व्याचं उत्तर बरोबर काढलं आणि भरलं १३ व्या गोळ्यात. मग १५ वं १४ मध्ये, १६ वं १५ मध्ये, अख्खा कागद एक घर वर सरकला. शेवटी एक ओळ रिकामी उरते तेव्हा कळतं, आणि तेव्हा पेनाने भरलेल्या कागदाचं काय करणार, रडायचं. म्हणून सोडायचंच नाही! चुकलेल्या उत्तराचे मार्क कापत नाहीत, त्यामुळे येत नसलं तरी अंदाजाने एक गोळा भरायचा, प्रश्नपत्रिकेत त्या प्रश्नाला खूण करायची आणि पुढे. मागाहून उत्तर सुचलं तर चुटपुट लागेल, लागू दे, कागद तरी सरकत नाही. डाव्या हाताचं बोट गोळ्यांच्या नंबरावर ठेवायची सवय लावा आणि दर पाच प्रश्नांनी मनात म्हणायला लावा: प्रश्न पंधरा, गोळा पंधरा. घरी मोठ्याने म्हणू दे. कंटाळतं पोर, कंटाळू दे. पाढे एक दिवस चुकले तरी चालेल, गोळे चुकवू नका. पेपर सोडवून मग सगळे गोळे एकदम भरायची सवय तर मुळीच नको, शेवटी वेळ उरत नाही. रोल नंबरचे गोळेसुद्धा घरी भरून घ्या.

भाषेला उतारे आणि त्यावर प्रश्न. रोज एक उतारा वाचा, बास.

तारीख स्वतः बघा. २०२५ मध्ये परीक्षा १८ जानेवारीला झाली आणि पुढची त्याच वर्षी १३ डिसेंबरला, जानेवारी धरून बसलेल्यांची धांदल उडाली असणार. दोन्ही वेळा शनिवार, पेपर साडेअकराचा. कदंबच्या एकाच बसवर राहू नका. हॉलतिकीट, दोन बॉलपेन घरी चालवून बघितलेले, पाणी. पेज खाऊन जाऊ दे, नवीन काही खायला घालू नका. गेटवर बाकीच्या आया काय काय पाठ करून घेत असतात तिकडे लक्ष देऊ नका, आपल्या पोराला एवढंच सांगा: प्रश्नाचा नंबर, गोळ्याचा नंबर.

निकाल नंतर लागतो. नाव आलं तर कागदपत्रांची पडताळणी, मूळ कागद एका फाईलीत ठेवा.