बडोदेकरांसाठी व्हेनिस: पूल मोजून आखायची सहल

युरोपच्या पॅकेज टूरमध्ये व्हेनिसच्या वाट्याला तीन-चार तास येतात. लाँच सान मार्को या मुख्य चौकाजवळ उतरवते, तिथे फोटो होतात आणि लगेच परतीची घाई सुरू होते. एवढ्यात गर्दी तेवढी दिसते. सकाळी नऊच्या आत आणि दिवसापुरते आलेले लोक परतल्यावर संध्याकाळी गल्ल्या मोकळ्या होतात, म्हणून निदान दोन रात्री बेटावरच काढा. समोर मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेमधली हॉटेलं स्वस्त पडतात आणि तिथून आगगाडीने दहा-बारा मिनिटांत बेटावर पोचता येतं, पण नेमक्या या दोन वेळा हुकतात.

आपल्याकडे सुट्ट्या दोनच, मे आणि दिवाळी. दोन्हींचं गणित वेगळं आहे. दिवसापुरतं येणाऱ्यांना 2024 पासून प्रवेश शुल्क सुरू झालं. ते एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशी, सकाळी 8:30 ते दुपारी 4 या वेळेत लागतं. 2025 मध्ये आधी नोंदणी केल्यास 5 युरो आणि ऐनवेळी 10 युरो असा दर होता. मुक्कामी असलेल्यांना ते माफ आहे, मात्र माफीसाठीही ऑनलाइन नोंदणी करून क्यूआर कोड घ्यावा लागतो.

दिवाळीत शुल्काऐवजी पाण्याचा विचार करायचा. शरद ऋतूत मोठी भरती आणि दक्षिणेकडचा वारा एकत्र आले की एड्रियाटिक समुद्राचं पाणी खाजणात चढतं. 12 नोव्हेंबर 2019 ला पातळी 187 सेंटिमीटरवर गेली होती. ऑक्टोबर 2020 पासून समुद्राच्या तोंडाशी भरतीचं पाणी अडवणारे 'मोझे' प्रकल्पाचे दरवाजे उभे करतात, पण ते साधारण 110 सेंटिमीटरचा अंदाज असेल तेव्हा. सान मार्को चौक त्याहून सखल असल्यामुळे दरवाजे उभे केले नसतील त्या दिवशीही तिथे पाणी येऊ शकतं. त्यासाठी इथून गमबूट नेऊ नका. भरतीचा अंदाज पालिकेच्या संकेतस्थळावर मिळतो. भरती उतरेपर्यंत उंच भागात फिरा आणि मग चौकात या.

व्हिसासाठी गुजरात मुंबईतल्या इटालियन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. अनेक देश फिरणार असाल तर जिथे सर्वाधिक रात्री, त्या देशाकडे अर्ज करा.

मार्को पोलो विमानतळ मुख्य भूमीवर आहे. तिथून 5 क्रमांकाची बस पियाझाले रोमाला आणते आणि चाकांची वाहतूक तिथेच संपते. पुढे चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना दोन्ही बाजूंनी पायऱ्या. हॉटेल ठरवताना अंतर विचारू नका, 'जवळच्या बोटथांब्यापासून मध्ये किती पूल?' हे विचारा. एक पूल असेल तर 20 किलोची बॅग कशीबशी जाते. तीन असतील आणि बरोबर गुडघे दुखणारे आई-बाबा असतील, तर दुसरं हॉटेल बघा. पत्त्यातल्या क्रमांकावर विसंबू नका. सहा विभागांना आपापले सलग क्रमांक आहेत, त्यामुळे 'सान पोलो 1200' यावरून गल्ली कळत नाही. गल्लीचं नाव आणि थांबा आधीच लिहून घ्या. मांडवीजवळच्या पोळांसारख्याच या गल्ल्या वळतात, फक्त काही थेट पाण्यात संपतात. फोनवरचा नकाशा उंच भिंतींमध्ये चुकतो, म्हणून भिंतीवरच्या पिवळ्या पाट्या बघा: रियाल्तो, सान मार्को, फेरोव्हिया (म्हणजे रेल्वे स्टेशन).

व्हापोरेत्तो ही तिथली पाण्यावरची बस. एक तिकीट 9.50 युरोंचं, 75 मिनिटं चालतं. 24 तासांचा पास 25 युरो, 72 तासांचा 45 युरो. दिवसात तीन फेऱ्या होणार असतील तरच पास परवडतो. प्रत्येक वेळी चढण्यापूर्वी तिकीट यंत्राला टेकवा. खिशात वैध पास असूनही तो टेकवला नसेल, तर दंड होऊ शकतो. विमानतळाची अलिलागुना बोट या पासात येत नाही. ग्रँड कॅनॉल या मुख्य कालव्यातून फिरण्यासाठी 1 क्रमांकाची बोट पियाझाले रोमाला, म्हणजे सुरुवातीलाच पकडा. मधल्या थांब्यावर चढलात तर बसायला जागा मिळेलच असं नाही.

गोंडोलाचं अधिकृत भाडं दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो आणि संध्याकाळी सातनंतर 35 मिनिटांना 110 युरो आहे. हे पूर्ण नावेचं भाडं आहे, माणशी नाही. नावेत पाच जण बसतात. वेळ आणि रक्कम पाय ठेवण्याआधी पक्की करा. हौस नुसती नावेत बसण्याची असेल, तर कॅनॉल ओलांडून देणारी त्राघेत्तो नाव 2 युरोंत भागवते.

शाकाहाऱ्यांनी इथे खरंच जपून राहावं. 'बिगोली इन साल्सा' कांद्याचा साधा पास्ता वाटतो, पण त्यात अँकोव्ही मासा विरघळलेला असतो. तांदूळ-मटारच्या 'रिझी ए बिझी'त बहुधा डुकराचं मांस असतं आणि रिझोत्तोचा रस्सा मांसाचा असू शकतो. पार्मेझान चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजतात. 'मारिनारा' पिझ्झा नावाने समुद्री वाटला, तरी त्यात टोमॅटो, लसूण आणि ओरेगानोच असतो, चीज नसतं. कॉफी काउंटरपाशी उभ्याने घ्या, टेबलाशी बसलात की दर वाढतो.

निघण्यापूर्वी लक्ष्मी विलास पॅलेसच्या दरबार हॉलची मोझेक फरशी पुन्हा एकदा निवांत बघून घ्या. सान मार्को बॅसिलिकात त्या कलेचं शेकडो वर्षांचं मूळ पायाखाली आणि डोक्यावर दिसतं, आणि नजर तयार असली की तिथे कितीतरी जास्त कळतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मोठी बॅग आत नेता येत नाही. जमीन खचल्यामुळे तिथली फरशी लाटांसारखी उंचसखल झाली आहे. वर सोनेरी छताकडे बघत चालताना ज्येष्ठांचा हात धरा.