मालव्यातून मलावीला: शाळेत सोलर लावायला पैसे कसे जमवायचे

मालव्यातल्या आमच्या इंदूरहून आम्ही मलावीतल्या एका शाळेला सोलर लावायला पैसे जमवले, त्यात काय शिकलो ते सांगते. पहिल्याच मीटिंगमधे आमच्या राजेंद्रनगरच्या एका काकांनी विचारलं, "मालव्यातल्याच शाळा ना गं?" मी म्हटलं नाही काका, मलावी, आफ्रिकेतला. मग जे हसू झालं ते झालं, पण लगेच पुढचा प्रश्न आलाच, की इथे शाळा कमी आहेत का. हा प्रश्न तुम्हालाही येणार, शंभर टक्के येणार, तेव्हा वाद घालायचा नाही. आम्ही एवढंच म्हणायचो की इथे देताय ते देतच रहा, त्यातलं काढून देऊ नका, आणि तिथे माझा मावसभाऊ नोकरीला आहे तो स्वतः जाऊन बघणार आहे. खरं सांगायचं तर लोक देतात ते या दुसऱ्या वाक्यावर. सहाराच्या खालच्या आफ्रिकेत ६० कोटींच्या आसपास लोकांकडे वीज नाही हे सांगून बघितलं, सगळे "अरे बापरे" म्हणाले आणि पोहे खायला गेले.

म्हणून पहिलं काम, आपला माणूस शोधा. तिथे कोणी ओळखीचं नसेल तर त्या देशात रजिस्टर्ड असलेली संस्था धरा आणि तिच्याकडून तीन गोष्टी मागा: शाळेच्या छपराचा फोटो, हेडमास्तरांचं पत्र आणि आधी लावलेल्या एखाद्या शाळेचा तीन वर्षांनंतरचा फोटो. उद्घाटनाचा नको, तीन वर्षांनंतरचा. तो नसेल तर सोडून द्या.

आता मुख्य मुद्दा, ज्यात आम्ही स्वतःच चुकलो होतो. आम्ही पोस्टरवर लिहिलं "एक पॅनल दान करा". छान दिसतं, निळं पॅनल, सूर्य वगैरे. पण पॅनल २०-२५ वर्षं चालतो हो, मरते ती बॅटरी. आपल्या घरच्या इन्व्हर्टरची आठवा ना, पाणी घालायचं राहिलं की तीन वर्षांत बसते. तिथल्या किती शाळांच्या छपरावर पॅनल चमकत असतो आणि खाली मुलं मेणबत्तीवर बसलेली असतात, कारण नवी बॅटरी कोणाच्या बजेटमधेच नव्हती. म्हणून पैसे बॅटरीसाठी मागा आणि दुसऱ्या बॅटरीचेही आत्ताच मागा, म्हणजे आज लावायचीये तिचे आणि ती गेल्यावर लागेल तिचे. लोकांना हे पटायला वेळ लागतो, पण इन्व्हर्टरचं उदाहरण दिलं की पटतं.

हिशोब मोठा नाही, कागद घ्या. चार वर्ग, प्रत्येकात १८ वॉटच्या दोन एलईडी ट्यूब, म्हणजे १४४ वॉट. संध्याकाळी तीन तास धरले तर ४३२ वॉट-अवर, वर एक लॅपटॉप आणि मास्तरांचे मोबाईल, झालं साधारण ६००. एक युनिटसुद्धा (१,००० वॉट-अवर) नाही! आपला गीझर एका आंघोळीच्या पाण्यालाच जवळजवळ तेवढी वीज खातो. मलावीत साधारण डिसेंबर ते मार्च पाऊस असतो, तेव्हा ढगाळ हवेचे दोन दिवस निघतील इतकं साठवायचं म्हणजे १,२०० वॉट-अवर. १२ व्होल्टची लिथियम घेतली तर १०० एएच (अँपिअर-अवर) पुरते, १२ गुणिले १०० म्हणजे १,२००. लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणून ती २०० एएचची लागते. लिथियम महाग वाटते पण ती ८-१० वर्षं काढते, शिवाय पाणी घालायची कटकट नाही. पॅनल ३५०-४०० वॉटचा बस. आणि हो, आमच्या इथल्या एका ओळखीच्या सोलरवाल्याने ड्रॉइंग फुकटात करून दिलं, पण त्यात पॅनलचं तोंड दक्षिणेला! इंदूरला बरोबर आहे ते, पण मलावी विषुववृत्ताच्या खाली, तिथे पॅनल उत्तरेकडे बघतो. मावसभावाने फोनवर सांगितलं म्हणून वाचलो, नाहीतर सावलीकडे तोंड करून बसला असता बिचारा.

वर्गणी मागताना गोल रक्कम सांगू नका, वस्तू सांगा. आम्ही वायरिंग-स्विचसकट एका ट्यूबचे १,२०० रुपये धरले आणि अशा आठच ट्यूब होत्या, तर आम्ही स्टॉल लावून जो आनंदमेळा केला त्याच्या गेटवर फळ्यावर आठ चौकोन काढले आणि कोणी ट्यूब घेतली की चौकोन पिवळा. संध्याकाळी सातला दोन चौकोन पांढरे उरले होते तेव्हा लोक अक्षरशः भांडले, "भिया (म्हणजे भाऊ) ती माझी, आधी मी बोललो होतो." एक आजी तर म्हणाल्या अर्धी ट्यूब चालेल का. चालेल की!

इंदूरकरांना सोलर समजावणं तसं कठीण नाही. २०२३ मधे आपल्या महापालिकेने जलूदच्या ६० मेगावॉटच्या सोलर प्लांटसाठी ग्रीन बॉन्ड (म्हणजे अशा कामासाठी लोकांकडून व्याजाने घेतलेले पैसे) काढले होते, नर्मदेचं पाणी वर चढवायला जी वीज लागते तिच्यासाठी, आणि ते मागणीपेक्षा कितीतरी जास्त भरले. फक्त बोलताना जपा, एका काकूंना वाटलं इथेही व्याज मिळणार आहे. हे दान आहे, परत काही येत नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगा.

पैसे पाठवायचा भाग कंटाळवाणा आहे पण फसायचं नसेल तर वाचा. परदेशात दान पाठवायची जी रिझर्व्ह बँकेची सोय आहे, एलआरएस, ती फक्त भारतात राहणाऱ्या व्यक्तींना आहे, वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत. मंडळाच्या किंवा ट्रस्टच्या खात्यातून ती चालत नाही. म्हणून सगळ्यांची वर्गणी एका डब्यात गोळा करून कोणा एकाच्या खात्यातून पाठवायचा मोह टाळा. आम्ही काय केलं, स्टॉल ज्याचा, नफा त्याचा, आणि दानही त्यानेच आपल्या खात्यातून आपल्या पॅनकार्डावर संस्थेला थेट करायचं. फळ्यावरच्या ट्यूबासुद्धा तशाच, मेळ्यात फक्त नाव लिहायचं, रोख हातात घ्यायची नाही. बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए२ फॉर्म भरावा लागतो. प्रत्येक ट्रान्सफरला चार्ज बसतो, मधली बँकही कात्री लावते, तेव्हा पाचशे-हजार असे पाठवण्यात अर्थ नाही, छोट्या रकमा कार्डाने संस्थेच्या साईटवर भरा. आणि ८०जी ची (दानावरच्या इन्कम टॅक्सची) सूट मिळेल असं कोणालाही सांगू नका, परदेशी संस्थेला दिलेल्या दानावर ती मिळत नाही. तरी एकदा सीएला विचाराच, आमच्या सीएंनी गराडूच्या (आमच्याकडच्या तळलेल्या कंदाच्या) एका प्लेटवर काम केलं.

कोटेशन डॉलरमधेही मागा. २०२३ च्या नोव्हेंबरमधे तिथे एका झटक्यात डॉलर साधारण १,१८० क्वाचांवरून (क्वाचा म्हणजे तिथलं चलन) १,७०० वर गेला, अशा वेळी क्वाचातलं जुनं कोटेशन म्हणजे रद्दी. वर १५-२० टक्के जास्तीचे ठेवा.

चोरीचं पण बघा. नटबोल्ट वेल्ड करून घ्या, पॅनलच्या मागे शाळेचं नाव ऑइलपेंटने मोठ्ठं लिहा, आणि गावातली दोन माणसं शिकवून ठेवा ज्यांना फ्यूज बदलता येतो. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने आफ्रिकेतल्या कमी शिकलेल्या आज्यांना सहा महिन्यांत सोलर इंजिनियर केलंय, आमच्या भगिनी मंडळात हे सांगितलं तेव्हा पॅनलपेक्षा जास्त टाळ्या त्याला पडल्या. म्हणून या ट्रेनिंगची एक ओळ खर्चात घालाच. शाळा मोबाईल चार्जिंगचे थोडे पैसे गावाकडून घेत असेल तर घेऊ द्या, पण ते पुढच्या बॅटरीसाठी ठेवलेल्या पैशांच्या डब्यात जातात ना ते विचारा, आणि डब्याचा फोटो दर तीन महिन्यांनी मागवा. आमच्याकडे शेवटचा आला त्यात डबा म्हणजे दुधाच्या पावडरचा टिन आहे, वर खडूने लिहिलंय किती जमले, आणि बाजूला कोणाचीतरी चप्पल.