खाऱ्या पाण्यातला स्टीलचा स्कूबा सिलिंडर

मालवण-तारकर्लीहून रविवारी रात्री मुंबईत आलं की पाण्याखाली श्वासाची हवा देणारा सिलिंडर गाडीतून काढायचा, त्यावर पाइप मारायचा आणि बाल्कनीत उभा करायचा, एवढ्यावर बहुतेकांचं काम संपतं. या धुण्यात बूट राहून जातो. स्टीलच्या सिलिंडरचं बूड गोल, म्हणून खाली रबरी बूट. आणि त्यात अडकलेलं खारं पाणी कित्येक दिवस वाळत नाही. बूट दर वेळी काढा. घट्ट बसला असेल तर कोमट साबणपाणी सोडून रबरी हातोडीने ठोका. पाणी नळाचंच घ्या. किनाऱ्यालगतच्या सोसायट्यांमध्ये बोअरचं पाणी अनेकदा मचूळ असतं. त्याने धुणं म्हणजे मिठाने मीठ पुसणं.

अंगावर पांढरी भुकटी दिसली तर तो स्टीलवरचा जस्ताचा थर झिजतोय, म्हणजे स्वतः मरून स्टील वाचवतोय. तांबूस डाग मात्र जस्त संपल्याची खूण. तो तारेच्या ब्रशने घासा, पूर्ण कोरडा करा आणि त्यावर जस्ताचं प्रमाण जास्त असलेला प्रायमर लावा.

आतला गंज जास्त घातक, आणि त्यासाठी लागणारं पाणी बहुतेकदा भरतानाच आत जातं. व्हॉल्व्हच्या तोंडात राहिलेले खाऱ्या पाण्याचे चार थेंब 200 बारची, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे दोनशेपट दाबाची हवा थेट आत ढकलते. म्हणून फिलिंगचा पाइप जोडण्याआधी व्हॉल्व्ह क्षणभर उघडून ‘फुस्स’ करा. पाइपाचं टोकही तसंच फुंकून घ्या. टबात बुडवून भरणाऱ्याकडे तर जास्तच लक्ष ठेवा.

भरणाऱ्याचा कॉम्प्रेसर बाहेरून ओढतो ती हवाही कोरडी नसते. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बारला साधारण 2,400 लिटर हवा बसते. पावसाळ्यात 30 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता धरली तर तेवढ्या हवेत सुमारे 65 ग्रॅम पाणी असतं, म्हणजे चार मोठे चमचे. ते काढायचं काम कॉम्प्रेसरच्या सेपरेटरचं (हवेतलं पाणी वेगळं करणारा भाग) आणि फिल्टरचं. फिल्टरचं कार्ट्रिज कधी बदललं आणि सेपरेटरमधलं पाणी किती वेळाने सोडता, हे भरणाऱ्याला विचारायला लाजू नका.

डाइव्ह संपवताना 30 ते 50 बार शिल्लक ठेवा. सिलिंडर पार रिकामा झाला आणि व्हॉल्व्ह उघडाच राहिला, तर समुद्राला आत यायला दार मिळालं.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत सिलिंडर पडून राहणार असेल तर 10-20 बारवर, घरातल्या कोरड्या कोपऱ्यात, उभा बांधून ठेवा. आत ओल असलीच तर ती बुडाशी जमते आणि तिथलं स्टील सगळ्यात जाड असतं. आडवा ठेवला तर तीच ओल पातळ भिंत खाते. गंज आतला ऑक्सिजनही खातो, आणि याचा वास येत नाही. महिनोन्‌महिने ठेवलेली हवा श्वासासाठी वापरू नका. सोडून द्या आणि नवी भरा.

वर्षातून एकदा सिलिंडर पूर्ण रिकामा करून जाणत्या माणसाकडून व्हॉल्व्ह काढून आतून तपासून घ्या. त्याआधी सिलिंडर हळू कलवून कान लावा: आत काही खुळखुळलं तर गंजाच्या पापड्या असतील, डुचमळलं तर पाणी. दिव्याच्या उजेडात दिसणारी तपकिरी पूड त्याने आत घासणारे खडे घालून सिलिंडर फिरवला की निघते. खड्डे दिसले तर निर्णय तपासणाऱ्यावर सोडा. व्हॉल्व्ह परत बसवताना नवी ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) घाला आणि आटे जुळवा. एम 25 बाय 2 हे मेट्रिक आटे आणि पाऊण इंची अमेरिकन आटे एकमेकांत बसल्यासारखे वाटतात, पण दाब चढला की व्हॉल्व्ह उडतो.

हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली घेतलेल्या ताकदीच्या चाचणीची तारीख सिलिंडरच्या खांद्यावर कोरलेली असते. ती टेस्ट पेसोची (स्फोटकं आणि दाबाच्या सिलिंडरांची सुरक्षा पाहणारी केंद्र सरकारची संस्था) मान्यता असलेल्या केंद्रातच करून घ्या. आणि गॅरेजवाला भट्टीत भाजून झकास पावडर कोटिंग करून देतो म्हणाला तरी देऊ नका. भट्टीची उष्णता हाताबाहेर गेली तर स्टीलची ताकद जाऊ शकते, आणि वरून सिलिंडर नव्यासारखा चमकत राहतो.