डच शिकताय? मग इंग्लिश जरा बाजूला ठेवा

आपल्या सोलापुरात घरात कन्नड नाहीतर तेलुगू, बाहेर मराठी, शाळेत इंग्लिश असं चालूच असतं, त्यामुळे अजून एका भाषेचं टेन्शन घेऊ नका. पोरं नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला जॉबला नाहीतर मास्टर्सला निघाली की इंग्लिशवरून डच पाठ करायला बसतात आणि तिथंच घोळ होतो, मराठीवरून लई सोपं जातं बघा.

आधी घड्याळ घ्या. 'हाल्फ द्री' म्हणजे अडीच, साडेतीन नाही!! द्री म्हणजे तीन, त्याला अर्धा तास कमी. 'क्वार्त ओवर द्री' सव्वातीन, 'क्वार्त फोर द्री' पावणेतीन. आकडेपण आपल्यासारखेच, एकक आधी दशक नंतर, २५ म्हणजे 'फैफ-एन-ट्विंतख', पाच आणि वीस.

आता वाक्य. 'इक विल मोर्खन अन फीत्स कोपन', मला उद्या सायकल विकत घ्यायचीय. हे 'विल' इंग्लिशवालं नाही, याचा अर्थ पाहिजे, आणि 'कोपन' म्हणजे विकत घेणं ते मराठीसारखं पार शेवटी गेलंय. 'मोर्खन' उचलून पुढं आणलं तरी 'विल' दुसरा नंबर सोडत नाही, 'मोर्खन विल इक अन फीत्स कोपन', फक्त 'इक' म्हणजे मी मागं सरकतो. 'ओमदात' म्हणजे कारण, ते आलं की मुख्य क्रियापदपण शेवटी जातं: 'ओमदात इक होंगर हेप', कारण मला भूक लागलीय.

नामाच्या आधी 'द' की 'हेत' (दोन्ही इंग्लिशच्या 'the'सारखे) हे पाठच करावं लागतं, इलाज नाही. बहुतेकांना 'द' लागतं, अनेकवचनाला कायम 'द', आणि शेवटी 'ये' लावून लहान केलेल्या वस्तूला कायम 'हेत'. कप 'द कॉप' पण छोटा कप 'हेत कॉप्ये'.

उच्चारात 'जी' अक्षर म्हणजे घसा खरवडणारा ख, म्हणून गुड मॉर्निंगला 'खूदमोर्खन'. मोठ्यांना अहो-जाहो करायचं तर 'डांक यू वेल', मित्राला 'डांक य वेल', दोन्ही थँक्यूच. 'यू' म्हणताना ओठ गोल ठेवून आतून ई काढायची.

दुकानात 'ब्रोत' ब्रेड, 'मेल्क' दूध, 'रैस्त' तांदूळ, 'पिंडा' शेंगदाणा. 'कास' म्हणजे चीज, पण 'पिंडाकास'मध्ये चीज नसतं, ते पीनट बटर आहे, त्यामुळे शेंगाचटणी मात्र घरूनच न्या.