आधी डोकं मोजा, मग टाके घाला: स्वतःसाठी आणि मुलांसाठी लोकरीची टोपी

नाशिकला डिसेंबरात सकाळी सातची शाळा म्हणजे व्हॅनची वाट बघत उभ्या पोरांचे कान लालबुंद. विकतची टोपी एकतर कपाळावर वळ उमटवते, नाहीतर कानांवरून वर सरकते. घरी विणलेली टोपी त्याच डोक्यासाठी केलेली असते. म्हणूनच दुसऱ्या कुणाचे टाके जसेच्या तसे उतरवून घेऊ नका. तुमचा हात घट्ट की सैल, यावर टाक्यांचा आकडा ठरतो.

मी मुलीची पहिली टोपी विणली तेव्हा डोक्याचा घेर बरोबर 49 सेंमी मोजला आणि टोपीही 49 सेंमीचीच केली. दोन दिवसांत ती तिच्या भुवयांवर आली. विणलेलं कापड ताणतं, म्हणून टोपी डोक्यापेक्षा 4 ते 5 सेंमी लहानच हवी.

मध्यम जाडीची लोकर घ्या. आईची टोपी साधारण 70 ग्रॅममध्ये होते, तीन-चार वर्षांच्या मुलाची 50 ग्रॅममध्ये. 150 ग्रॅम आणली की गोंड्यालाही उरते. आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते. मुलांसाठी तीच सोयीची, कारण वरचेवर धुता येते. घेताना धागा मानेला लावून बघा. तिथे टोचला तर मूल टोपी पाच मिनिटांत काढून फेकणार. सुया 8 नंबरच्या (4 मिमी) आणि बॉर्डरसाठी 10 नंबरच्या (3.25 मिमी). आपल्या जुन्या मापात नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक.

आता नमुना. बहुतेक जणी इथेच घाई करतात. 8 नंबरच्या सुईवर 30 टाके घाला आणि एक ओळ सुलट, एक उलट असं 12 सेंमी विणा. टाके बंद करून तुकडा धुवा, वाळवा आणि सपाट पसरा. न ओढता मधल्या 10 सेंमीत किती टाके येतात ते मोजा. कडेचे टाके वळतात, ते धरू नका. माझ्या हाताने 22 येतात, म्हणजे सेंटीमीटरला 2.2.

मापाची टेप कपाळावरून, भुवयांच्या जरा वर, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरून फिरवा. मुलीचं डोकं 49, टोपी 45. 45 गुणिले 2.2 म्हणजे 99. वरचा घुमट आठ भागांत आवळायचा असल्याने जवळचा आठाने भागणारा आकडा घ्यायचा: 96. त्यात शिवणीचे 2 मिळवून 98. माझं डोकं 55, टोपी 50, म्हणजे 110. जवळचा आकडा 112, शिवणीसह 114. तुमच्या नमुन्यात 20 किंवा 24 टाके आले तर हाच हिशोब तुमच्या आकड्याने करा.

टाके घालताना दोन सुया एकत्र धरा, म्हणजे खालची कड सैल राहते. मग एक सुई काढून घ्या. कड घट्ट झाली की कपाळावर रेघ उठते, आणि पुढे कितीही चांगलं विणलं तरी ती जात नाही.

बारीक सुईवर 2 सुलट, 2 उलट अशी बॉर्डर सुरू करा. ओळ 2 सुलटने संपेल. परतीच्या ओळीत टाके जसे दिसतील तसे विणा. 5 सेंमी झाल्यावर जाड सुया घेऊन एक ओळ सुलट, एक उलट विणत चला. मुलाची टोपी खालच्या कडेपासून 11 सेंमी आणि मोठ्यांची 13 सेंमी झाली की थांबा. बॉर्डर दुमडायची असेल तर तिची उंची आधीच दुप्पट ठेवा आणि हे माप दुमडलेल्या कडेपासून धरा. कानांवर दुहेरी थर येतो, थंडीत तोच कामाला येतो.

घुमट सुलट बाजूने सुरू होतो. मुलाच्या 98 टाक्यांच्या टोपीत: 1 सुलट, मग (10 सुलट, 2 टाके एकत्र) आठ वेळा, शेवटी 1 सुलट. पुढची ओळ पूर्ण उलट. नंतरच्या प्रत्येक सुलट ओळीत कंसातले सुलट टाके एकेकाने कमी होतील: 9, मग 8, असं 1 पर्यंत. मोठ्यांच्या 114 टाक्यांच्या टोपीत 12 पासून सुरुवात करा. तुमचे टाके वेगळे असतील तर शिवणीचे 2 सोडून आठाने भागा आणि आलेल्या आकड्यातून 2 वजा करा. दोन्हीकडे अखेरीस 18 टाके उरतात आणि वर फिरत्या चक्रीसारख्या आठ रेघा दिसतात.

50 सेंमी धागा ठेवून कापा. बोथट सुईने तो 18 टाक्यांतून दोनदा ओवा, आवळा आणि त्याच धाग्याने वरून खाली शिवण घाला. दोन्ही कडांचा एकेक टाका शिवणीत जाऊ द्या, मग बॉर्डर सलग दिसते.

तान्ह्या बाळाच्या टोपीला बांधायचे बंद किंवा सैल गोंडा लावू नका. बंद गळ्याला आवळू शकतो आणि गोंड्याचे केस बाळ तोंडात घालतं. घरात झोपताना बाळाची टोपी काढा. बाळ अंगातली बरीच उष्णता डोक्यावाटे बाहेर टाकतं, आणि झोपेत टोपी नाकावर सरकू शकते. टोपड्याशिवाय बाळ उघडं वाटतं, हे आजीला जरा समजावावं लागतं.

अ‍ॅक्रिलिकला इस्त्री लावू नका, लोकर चपटी आणि निर्जीव होते. सावलीत सपाट वाळवा. आणि उरलेली लोकर जपून ठेवा. तीन वर्षांनंतर डोकं सावकाश वाढतं, त्यामुळे पुढच्या थंडीत शिवण आणि घुमट उसवून मधे दोन सेंमी वाढवले की तीच टोपी पुन्हा कानांखाली येते.